रिसोर्स रूममध्ये गेलं की मूल मागे पडतं?

रिसोर्स रूम म्हणजे शाळेतली अशी खोली, जिथे वाचन-गणितात अडखळणाऱ्या मुलांना विशेष शिक्षक थोडा वेळ वेगळं शिकवतात. शाळा सुरू झाल्या की सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या ग्रुपवर या आशयाचा मेसेज फिरू लागतो: "मुलाला रिसोर्स रूममध्ये पाठवायचं म्हणाले तर सही करू नका. तिथे नुसती खेळणी असतात, वर्ग बुडतो, मुलावर शिक्का बसतो आणि शेवटी विशेष शाळेतच घालावं लागतं. त्यापेक्षा शिकवणी लावा." यावर विसंबून पालक नकार देतात आणि दुसरी-तिसरीची मोलाची वर्षं हातची जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"नुसती खेळणी असतात." ताटात पसरलेला रवा, रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण पहिली वेलांटी घ्या. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. वाचनात अडखळणारं मूल 'दिवा' लिहिताना आवाजाच्या क्रमाने जातं: आधी 'द', मग वेलांटी. ती वेलांटी पुढच्या 'व'ला जाऊन चिकटते. हाच शब्द वहीत वीसदा लिहून घेतला तर चूकच पक्की होते. म्हणून वेलांटीची वेगळी पट्टी करतात. मूल 'द'चं कार्ड ठेवतं, आवाज काढतं, मग पट्टी डावीकडून आणून लावतं आणि 'दि' म्हणतं. त्यानंतर तेच बोटाने रव्यात गिरवतं. ध-घ, भ-म या जोड्या एकाच दिवशी शिकवत नाहीत. एक अक्षर सलग तीन तासिकांना न चुकता ओळखलं की मगच त्याचं जोडीदार.

गणितातही असंच होतं. 'बेचाळीस'मध्ये कानावर दोन आधी येतो, म्हणून मूल 24 लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून 39. (2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'ऐवजी 'वीस दोन' म्हणायची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण त्यामागची ही अडचण खरी आहे.) इथे दहाचे चार गठ्ठे डावीकडे आणि दोन सुट्या काड्या उजवीकडे ठेवतात. आधी 'चाळीस आणि दोन', मग 'बेचाळीस'. 42 मधून 17 वजा करताना मूल 35 लिहितं, कारण ते सातातून दोन काढतं. गठ्ठ्याचं रबर सोडून दहा काड्या सुट्या केल्या की सुट्या 12 झाल्याचं त्याला स्वतःच्या हाताने कळतं. फळ्यावरचा 'हातचा' हे दाखवू शकत नाही.

"वर्ग बुडतो." वेळापत्रक चुकलं तर खरंच बुडतो, हे मान्य करायला हवं. तीन ते पाच मुलांचा गट आणि आठवड्यातून दोन-तीनदा 30-40 मिनिटं, एवढं पुरतं. मुलाला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला उचलून नेणं ही मोठी चूक आहे, कारण बऱ्याचदा तेवढ्याच तासाला ते इतरांच्या बरोबरीने असतं. दुसरी चूक वर्गशिक्षकांशी बोलणं नसण्याची. पुढच्या धड्यातले दहा अवघड शब्द विशेष शिक्षकांकडे शुक्रवारी पोचले, तर मूल सोमवारी ते वाचूनच वर्गात बसतं. पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवर किंवा जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात फिरत्या विशेष शिक्षकाला रोज येणं शक्य नसतं. मग दोन भेटींच्या मधलं काम कागदावर हवं: रोज दहा मिनिटं, कोणती कार्डं, कोण घेणार. हा कागद नसेल तर दर भेटीला पहिल्यापासून सुरुवात होते. पालकांनी तो हक्काने मागावा.

"त्यापेक्षा शिकवणी लावा." शिकवणीत वर्गाचाच भाग पुन्हा घेतात. विशेष शिक्षक गाडं कुठे अडलंय ते आधी शोधतो: एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, कोणत्या जातीच्या चुका झाल्या. त्यावरून मुलाचा वैयक्तिक आराखडा लिहितो. 'वाचन सुधारणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'तीन महिन्यांत जोडाक्षरं नसलेला 50 शब्दांचा उतारा पाचपेक्षा कमी चुकांत वाचेल' हे उद्दिष्ट. हा शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणी विचारण्यात संकोच नको.

"विशेष शाळेतच घालावं लागतं." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 पाहा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड कुटुंबाची.

"शिक्का बसतो." रिसोर्स रूममध्ये शिकणं आणि दिव्यांगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला सवलतींसाठी लागतो, उदाहरणार्थ दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक. अक्षरओळखीची मदत त्यासाठी थांबवायचं कारण नाही. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या टिकून राहणाऱ्या अडचणीचं, निदान तर आठव्या वर्षाआधी सहसा करतच नाहीत. खरा चुकीचा शिक्का बसतो तो घाईत. जतच्या सीमाभागात घरी कन्नड बोलणारं मूल किंवा ऊसतोडीच्या हंगामात शाळा तुटलेलं मूल मराठी अडखळत वाचणारच. अशा मुलाची आधी घरच्या भाषेत तोंडी चाचणी घ्यावी: गोष्ट ऐकून सांगता येते का, शब्दातला पहिला आवाज ओळखता येतो का. तिथे ते नीट चाललं, तर त्याला मराठीचा सराव हवा आहे, दाखला नव्हे.