पगार आणि बचत एकाच वाऱ्यावर

“एआय माझी नोकरी आज ना उद्या खाणारच आहे, म्हणून शिल्लक राहणारा सगळा पैसा मी बिटकॉइनमध्ये टाकतो. एक बुडाले तर दुसरे तारेल.” आमच्या कट्ट्यावरच्या सर्वांत धाकट्या मित्राचे हे म्हणणे. तो सॉफ्टवेअर लिहितो, अभ्यासू आहे, आणि हे त्याने अगदी गंभीरपणे सांगितले. त्याच्या वयाचे कितीतरी जण आज मनाशी हाच हिशेब मांडत असतील. त्यामुळे त्यावरून जो वाद झाला, आणि ज्यात निवृत्त बँक अधिकारी असलेले काका, रेडिओलॉजिस्ट असलेली ताई, लेखापरीक्षक मित्र आणि मी असे सगळेच ओढले गेलो, तो मांडून ठेवणे मला आवश्यक वाटते.

त्याची बाजू कच्ची नव्हती. केंद्रीय बँका हवे तेव्हा पैसा वाढवू शकतात आणि त्यामुळे घरात पडून असलेल्या रोकडीची किंमत दरवर्षी झिजते, हा त्याचा पहिला मुद्दा होता. बिटकॉइनची संख्या मात्र 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाणार नाही, हे 2009 साली ते चालवणारे संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हापासून त्याच्या नियमांतच बांधलेले आहे. साधारण दर चार वर्षांनी नव्या नाण्यांचा ओघ निम्मा होतो, आणि एप्रिल 2024 पासून प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एकेका गठ्ठ्यामागे, केवळ 3.125 नवी नाणी बाहेर येतात. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने थेट बिटकॉइनवर आधारलेल्या ईटीएफना, म्हणजे शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांना, परवानगी दिली, तेव्हा आता हा चार तंत्रवेड्यांचा खेळ उरलेला नाही, असे तो म्हणाला.

काकांनी त्याला आधी ‘डिजिटल चलन’ या एका नावाखाली सगळे एकत्र करणे थांबवायला सांगितले. केंद्रीय बँकेचे डिजिटल चलन, जसे बहामाने ऑक्टोबर 2020 मध्ये देशभर सुरू केलेले सँड डॉलर, हे नोटेचेच दुसरे रूप आहे. ते जवळ ठेवल्याने देणेघेणे सोपे होते, पैसा वाढत नाही. दुसरा प्रकार स्टेबलकॉइनचा. त्याची किंमत डॉलरशी बांधलेली असते, पण ती गाठ मागे ठेवलेल्या राखीव निधीइतकीच पक्की असते. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली आणि यूएसडीसी या नाण्याच्या निधीचा काही भाग तिथे अडकला, तेव्हा एका डॉलरचे ते नाणे काही काळ 90 सेंटच्याही खाली गेले होते. तिसरा प्रकार बिटकॉइनचा, आणि त्याच्यामागे कोणाचीच हमी नाही. “संपत्ती वाढते ती उत्पन्न देणाऱ्या गोष्टींतून,” काका म्हणाले, “चालता धंदा, घरभाडे, कर्जावरचे व्याज, किंवा स्वतःच्या हातातले कसब. बिटकॉइन तुला लाभांश देत नाही. उद्या कोणीतरी तुझ्यापेक्षा जास्त किंमत देईल, एवढाच त्याचा आधार.”

“सोने तरी कुठे व्याज देते, काका?” त्याने विचारले. प्रश्न रास्त होता आणि काकांनी तो मान्यही केला. म्हणूनच शहाणा माणूस सगळी पुंजी सोन्यात घालून निर्धास्त बसत नाही, हे त्यांचे उत्तर होते; पुरवठ्याला नियमाने मर्यादा घालता येते, मागणीला कोणी बांधून ठेवू शकत नाही.

मग त्यांनी खिशातल्या कागदावर आकडे मांडले. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन सुमारे 69,000 डॉलरवर होते आणि वर्षभराने ते 16,000 च्या खाली आले, म्हणजे शिखरावर घातलेल्या 100 चे साधारण 23 झाले. गेलेले 77 टक्के 77 टक्क्यांच्या वाढीने परत येत नाहीत, कारण आता वाढ 23 वर मिळते. तेवढ्या वाढीने माणूस फक्त 41 पर्यंत पोहोचतो, आणि पुन्हा 100 पाहायचे असतील तर किंमत चौपटीहून अधिक व्हावी लागते. ती तशी झालीही, मार्च 2024 मध्ये जुने शिखर ओलांडले गेले, आणि धाकट्याने हे लगेच बोलून दाखवले. त्यावर काकांनी एवढेच विचारले की मधल्या दोन-सव्वादोन वर्षांत ज्याला घर चालवायला पैसे काढावे लागले, त्याने कोणत्या भावाने काढले असतील?

माझ्या मते सगळ्या वादाची मेख या प्रश्नात आहे. नोव्हेंबर 2022 हा एकच महिना नीट पाहावा. 9 तारखेला फेसबुकची मालक कंपनी मेटाने 11,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याची घोषणा केली. 11 तारखेला एफटीएक्स या क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांच्या, बाजाराने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बिटकॉइन त्या पडझडीच्या तळाशी गेले. हा योगायोग नव्हता. त्या वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर झपाट्याने वाढवत होती आणि स्वस्त पैशाचा काळ संपला होता. पैसा स्वस्त असतो तेव्हा तो तंत्रज्ञान कंपन्यांत जातो, त्यांच्या नोकरभरतीत जातो आणि क्रिप्टोतही जातो. तो आटला की तिन्हीकडे एकाच वेळी आटतो. त्या वर्षी तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेचा नॅस्डॅक हा शेअर निर्देशांक सुमारे 33 टक्क्यांनी पडला आणि बिटकॉइन सुमारे 64 टक्क्यांनी. सॉफ्टवेअरमध्ये पगार घेणारा आणि क्रिप्टोत बचत ठेवणारा माणूस आपण दोन दगडांवर दोन पाय रोवले आहेत असे समजत होता, पण खाली दगड एकच होता. ज्या दिवशी पगार थांबतो त्याच दिवशी बचतही निम्म्याहून खाली असेल, तर ती बचत त्याला तारणार कशी?

त्यावरचा त्याचा प्रतिवाद मला त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला मुद्दा वाटला. तो म्हणाला, “तेव्हा नोकऱ्या व्याजदरामुळे गेल्या. एआयमुळे जातील तेव्हा कंपन्यांचा नफा वाढत असेल, बाजारात पैसा खेळत असेल, आणि मग माझी बचत वरच असेल.” असे होणारच नाही, असे मी म्हणू शकत नाही. पण तसे झाले तर तो नफा ज्यांच्याकडे त्या धंद्यांची मालकी आहे त्यांना मिळेल, आणि त्यासाठी धंद्यांतला वाटा घ्यायला हवा. बिटकॉइन म्हणजे असा वाटा नव्हे.

“मग एआय कंपन्यांचेच समभाग घेतो,” तो म्हणाला, आणि इथे लेखापरीक्षक मित्राने त्याला थांबवले. इंटरनेट जग बदलणार, हे 2000 साली म्हणणारे लोक पूर्णपणे बरोबर होते. तरीही मार्च 2000 च्या शिखरापासून ऑक्टोबर 2002 पर्यंत नॅस्डॅक सुमारे 78 टक्के घसरला, आणि ते जुने शिखर पुन्हा गाठायला 2015 साल उजाडले. तंत्रज्ञानाची जीत झाली म्हणून त्यात चढ्या भावाने पैसा घालणाराही जिंकतो, असे होत नाही. त्याचा सल्ला साधा होता: अनेक क्षेत्रांतल्या आणि अनेक देशांतल्या कंपन्या एकत्र सामावणारा कमी खर्चाचा निर्देशांक फंड घ्यावा आणि त्यात ठरावीक रक्कम वर्षानुवर्षे जात राहावी.

ताई बराच वेळ ऐकत होती. तिचे म्हणणे असे की आम्ही सगळे बचतीवर भांडत आहोत आणि ‘नोकरी जाणारच’ हे त्याचे गृहीतक कोणीच तपासत नाही. तिने स्वतःच्या क्षेत्राचे उदाहरण दिले. 2016 मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे म्हटले होते की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले काम करील. हे बोलणारा माणूस लहानसहान नव्हता; 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या दोघांपैकी ते एक आहेत. पाच वर्षे केव्हाच उलटली आणि रेडिओलॉजिस्टची मागणी कायम आहे. यंत्र तिच्या खोलीत आले नाही असे नाही, ते रोज तिच्या पडद्यावर संशयास्पद जागा खुणेने दाखवते. पण प्रतिमा वाचणे हा कामाचा एक भाग झाला. कोणती तपासणी करायची, जुन्या प्रतिमेशी तुलना करून काय बदलले हे सांगायचे, शल्यचिकित्सकाशी बोलायचे आणि अहवालाखाली सही करून त्याची जबाबदारी घ्यायची, हे बाकीचे भाग तिच्याकडेच राहिले.

“उशीर झाला म्हणजे होणारच नाही असे थोडेच आहे, ताई?” धाकटा म्हणाला. ती म्हणाली, “नाही, आणि मी स्वतःला सुरक्षित समजतही नाही. पण तू तुझी नोकरी म्हणजे एकच काम आहे असे धरून चालला आहेस. तिच्यात कोणकोणती कामे आहेत ते एकदा मांडून बघ, म्हणजे यंत्र कशाला हात घालते आणि कशाला नाही, ते तुलाच दिसेल.”

लेखापरीक्षक मित्राला आपल्या व्यवसायाचा इतिहास आठवला. 1979 मध्ये व्हिसीकॅल्क हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आले, हाताने बेरजा मारणाऱ्या कारकुनांची गरज पुढे घटत गेली, आणि त्याच आकड्यांवरून निर्णयासाठी विश्लेषण करून देणाऱ्यांची वाढली. आजचा फरक त्याने एका प्रसंगातून सांगितला. एका ग्राहकाचे वर्षाचे व्यवहार त्याने एआयकडून वर्गवार लावून घेतले होते. काही क्षणांत तक्ता तयार झाला, बेरीज पैशापर्यंत जुळली, टिपणही नीटनेटके होते. पण पुढच्या वर्षी द्यायच्या सेवेसाठी ग्राहकाला आगाऊ मिळालेली रक्कम यंत्राने चालू वर्षाचे उत्पन्न म्हणून धरली होती. ती खरी तर देणी या बाजूला हवी होती, कारण सेवा अजून द्यायची होती आणि करार मोडला असता तर पैसे परत करावे लागले असते. त्यामुळे नफा फुगला, करही चुकीचा निघाला, आणि बेरीज जुळत असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकले नसते. त्याला खटकले, कारण उमेदवारीच्या काळात त्याने अशा शेकडो नोंदी करारपत्र शेजारी ठेवून हाताने तपासल्या होत्या.

जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या पेढीला 5,000 डॉलरचा दंड केला, तेही अशाच कारणाने: चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे त्यांनी न पडताळता दाखल केले होते. चूक यंत्राची असली तरी दंड सही करणाऱ्याला झाला. पुढच्या काळात पगार कशाचा मिळणार, याचे उत्तर मला या प्रकरणात दिसते: यंत्राने दिलेले चूक की बरोबर हे ओळखणे, आणि त्याखाली आपले नाव घालण्याची तयारी.

इथे धाकटा जे बोलला ते ऐकून आम्हा सगळ्यांनाच थांबावे लागले. “ही ओळख तुम्हाला छोटी कामे करून आली. आमच्याकडे ती छोटी कामे आता एआयकडे जातात आणि नवी मुले घेणे जवळजवळ बंद झाले आहे. मग माझ्यामागून येणारा हे शिकणार कुठे?” ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवरचा 2023 सालचा एक अभ्यास मी त्याला सांगितला. त्यात एआयच्या मदतीने काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढले, पण नवशिक्यांचे सुमारे 34 टक्क्यांनी, आणि मुरलेल्या लोकांना फारसा फायदा झाला नाही. म्हणजे यंत्र नवख्याला लवकर वर उचलते. पण त्याच आकड्यांकडे पाहून मालक म्हणू शकतो की आता थोडेच नवखे पुरेत. ही भीती मला खरी वाटते, आणि या सगळ्या बदलात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. बुडालेला पैसा पुन्हा मिळवता येतो. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी जे हाताखाली शिकायचे ते राहून गेले, तर ते चाळिशीत भरून काढणे फार जड जाते.

म्हणून नव्याने कामाला लागणाऱ्याला माझे आग्रहाचे सांगणे आहे की काम आधी स्वतः करावे, मग यंत्राकडून करून घ्यावे, आणि दोहोंत जिथे फरक पडेल तिथे थांबून कोणाचे बरोबर आणि का, हे शोधावे. यात वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. त्याच्या वयात मिळकतीची क्षमता हीच सर्वांत मोठी पुंजी असते, आणि शिल्लक पैशांतला काही भाग बाजाराऐवजी शिकण्यावर घालणे हीसुद्धा गुंतवणूकच आहे.

पैशांबाबत शेवटी थोडी तडजोड झाली. वर्षभराचा घरखर्च क्रिप्टोबाहेर, हव्या त्या दिवशी हाती येईल अशा ठिकाणी जमेपर्यंत नवा पैसा बिटकॉइनमध्ये जाणार नाही, हे त्याने मानले. आहे ते विकायला मात्र तो तयार नव्हता. काकांच्या मते ते शून्यावर आणावे, कारण न विकणे म्हणजे आजच्या भावाने पुन्हा विकत घेणेच. लेखापरीक्षकाच्या मते एकूण पुंजीच्या पाच टक्क्यांपर्यंत चालेल, उद्या ते सगळे गेले तरी आयुष्याची घडी मोडणार नाही एवढे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

नवख्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. आपल्या पेढीत उमेदवारांना सुरुवातीचे काही महिने यंत्राशिवाय नोंदी तपासायला लावायची लेखापरीक्षकाची तयारी आहे, पण त्या संथ कामाचे पैसे ग्राहक देणार नाही, अशी त्याची अडचण आहे. काका म्हणाले, उमेदवाराने कमी वेतन घ्यावे. ताईला ते साफ अमान्य होते, कारण मग घरची परिस्थिती चांगली असलेलीच मुले शिकू शकतील. माझ्या मते तो भार पेढीने उचलावा; दहा वर्षांनी अहवालाखाली सही करू शकेल असा माणूस तिलाच लागणार आहे.