कॅमेरा काय, कुठेही मावतो!

नाटकाचं शूटिंग करायचं ठरलं की कॅमेरावाल्यांना आदल्या रात्री साडेअकराला फोन करा. त्याआधी करू नका, ते उगाच तयारीला लागतात. फोनवर नाटकाचं नाव, नाट्यगृहाचं नाव आणि ‘बजेट जरा टाइट आहे’ एवढंच सांगा. अंक किती, पात्रं किती, सेट एक की दोन, असले प्रश्न त्यांनी विचारलेच तर ‘अहो, या ना तुम्ही, तिथे बघू’ म्हणून फोन ठेवून द्या.

नाटक त्यांना आधी दाखवू तर मुळीच नका. एकदा प्रयोग बघितला की ही माणसं संहिता मागतात आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा करत बसतात: सासरे इथे डाव्या विंगेतून येणार, कॅमेरा तीनने आधीच दारावर थांबायचं, इथे दोघांचा टू-शॉट, इथे क्लोज, म्हणजे नुसता चेहरा, सोडायचा नाही. त्यांच्या डोक्यात असं एक खूळ असतं की हशा वाक्य म्हणणाऱ्यावर नसून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, म्हणून वाक्य संपायच्या आत कॅमेरा त्या चेहऱ्यावर पाहिजे. न बघितलेल्या नाटकात काय होतं? प्रेक्षक हसतात, मग ऑपरेटरला कळतं की काहीतरी झालं, मग तो कॅमेरा वळवतो, फोकस लावतो, आणि तोवर तो चेहरा पुन्हा सरळ होऊन पुढचं वाक्य म्हणत असतो. सबंध नाटकभर कॅमेरा असा दीड सेकंद मागे. पण तुम्हाला घाई कसली आहे?

आता जागेचं बघू. प्लॅन उघडताना, म्हणजे तिकीटविक्री सुरू करताना, कॅमेऱ्यांसाठी एकही खुर्ची अडवू नका. साधा तीन कॅमेऱ्यांचा हिशोब सांगतो, म्हणजे नेमकं काय टाळायचं ते कळेल. मधला वाइडचा, म्हणजे सबंध रंगमंच दाखवणारा कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मध्यरेषेवर, लेन्स उभ्या पात्राच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. ट्रायपॉडचे पाय पसरले आणि शेजारी ऑपरेटर उभा राहिला की तीन खुर्च्या गेल्या. त्याच्या मागच्या रांगेतल्या तिघांना ऑपरेटरची पाठ दिसणार, म्हणून त्याही तीन गेल्या. डावीउजवीकडे क्लोजचे दोन कॅमेरे, रांगेच्या टोकाला दोन-दोन खुर्च्या आणि मागची एकेक. झाल्या बारा. चारशेचं तिकीट धरलं तर चार हजार आठशे रुपये. एवढे पैसे कोण सोडतं? विका सगळ्या. कॅमेरावाले आले की मॅनेजरने म्हणायचं, ‘कॅमेरा काय हो, कुठेही मावतो!’

नाही मावत. गेल्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला मध्यरेषेवरच्या तिन्ही खुर्च्यांचे मालक तिसऱ्या घंटेला तिकिटं घेऊन हजर झाले. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही, पैसे मोजलेत त्यांनी. दिवे गेलेले, पडदा सरकतोय आणि मधला कॅमेरा ट्रायपॉडसकट उचलून बाल्कनीत, मागून चाळीस मीटर केबल अंधारात लोकांच्या पायांतून. बाल्कनीतून काय दिसतं ते ऐका. टक्कल दिसतं. भांग दिसतो. रंगमंचाची जमीन दिसते, फळ्यांच्या फटी आणि सेटवाल्यांनी मारलेल्या खडूच्या खुणांसकट. डोळे दिसत नाहीत, कारण नट समोर बघून बोलतो, आभाळाकडे नाही. एवढ्या लांबून क्लोज घ्यायचा म्हणजे झूम शेवटपर्यंत ताणायचा. तो ताणला की बऱ्याच लेन्सना उजेड कमी पडतो, चित्र उजळायला कॅमेऱ्यातला गेन चढवला की त्यावर मुंग्यांसारखे ठिपके येतात, आणि त्या ताणलेल्या झूमवर शेजारून कोणी बाथरूमला गेलं तरी फ्रेम भूकंपासारखी हलते. पहिली दहा मिनिटं वाइड नाहीच. आणि सोमवारी सकाळी आम्हा कॅमेरावाल्यांना निरोप काय येतो? ‘सुरुवातीचा वाइड दिसत नाहीये. झोपला होतात का?’

असो. शांतपणे पुढचे सल्ले देतो.

टॉकबॅकवर, म्हणजे ऑपरेटरच्या कानातल्या हेडफोनवर, खर्च करू नका. स्विचरवर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या यंत्रावर, बसलेल्याने ऑपरेटरला हाका माराव्यात. नाटक गंभीर असेल तर जास्त छान वाटतं.

प्रकाशयोजनेला हात लावू देऊ नका. प्रकाशयोजनाकाराला शूटिंग आहे हे कळवूही नका, त्याला ते पॅनलवर बसल्यावर कळावं. माणसाचा डोळा अंधाराला सरावतो, कॅमेऱ्याचा सराव कोणी करून घेत नाही. नायिका स्पॉटमध्ये आणि नवरा कोपऱ्यात टेबललॅम्पच्या उजेडात असेल, तर प्रेक्षकाला दोघं दिसतात. कॅमेऱ्यात एक तर नवरा नाहीसा होतो, नाहीतर नायिकेच्या चेहऱ्याची पांढरी थाळी होते. यावर उपाय सोपा असतो: अंधारी जागा जराशी उचलायची, स्पॉट थोडा उतरवायचा, दोन्हींतलं अंतर कमी करायचं. डोळ्याला फरक जाणवतसुद्धा नाही. पण यासाठी प्रकाशयोजनाकार आणि कॅमेरामन यांनी एकत्र अर्धा तास बसायला हवं, आणि अर्धा तास तुमच्याकडे नाही. सकाळच्या प्रयोगाचा सेट निघेपर्यंत अडीच वाजतात, तुमचा प्रयोग चारला. त्यात सेट उभा राहायचा, लाइट लागायचे आणि नटांनी इस्त्रीवाला शोधायचा.

स्वप्नाचा प्रवेश असेल तर निळे एलईडी शंभर टक्क्यांवर ठेवा. शुद्ध निळ्या उजेडात सेन्सरचा निळा भाग तुडुंब भरतो, लाल-हिरव्याला काही मिळत नाही, आणि पडद्यावर नाक-डोळे नसलेला एक निळा डाग संवाद म्हणतो. निळा उतरवून त्यात थोडा पांढरा किंवा पिवळसर अंबर मिसळला की नाक परत येतं. पण स्वप्नात नाक कशाला?

भाच्याचा मोबाइल चौथा कॅमेरा म्हणून लावायचा असेल तर अवश्य लावा, सगळं ऑटोवर ठेवून. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून शहाणी माणसं सेकंदाला 25 फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचं शटर ठेवतात. भाच्याचा फोन 30 फ्रेमवर आणि शटर त्याच्या मर्जीने, त्यामुळे स्वस्तातले एलईडी मंद झाले की चित्रावरून काळे पट्टे वरून खाली चालत जातात. ऑटो व्हाइट बॅलन्स असला, म्हणजे रंगांचा तोल फोननेच ठरवला, की तीच साडी पहिल्या प्रवेशात शेंदरी आणि दुसऱ्यात गुलाबी. आणि ऑटो फोकसला तर नटापेक्षा पुढच्या रांगेतल्या काकांचं डोकं नेहमीच जास्त आवडतं.

वीज. मिळेल त्या बोर्डातून घ्या. डिमरच्या, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, लाइनवर साउंड लावलात तर लाइट फेड होताना गुणगुण ऐकू येईल, पार्श्वसंगीताचा खर्च वाचला. बोर्डावर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवू नका. मध्यंतरात कोणीतरी आमचं ॲडॅप्टर काढून स्वतःचा फोन लावतोच, चिठ्ठी असली तर त्याला आधी वाचावं लागतं.

कार्ड 64 जीबीचं पुरे. सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर ताशी 45 जीबी जातात, म्हणजे ते जेमतेम 85 मिनिटं चालतं. पहिला अंक सत्तर मिनिटांचा, मध्यंतरात रेकॉर्डिंग बंद करून सगळे वडापाव खायला. कार्ड बदलायला कोणाला सांगितलेलं नसतं, त्यामुळे दुसरा अंक पाव तास चालतो आणि थांबतो. फोटोचा जुना कॅमेरा आणला असेल तर तो 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपला आपणच बंद होतो, त्याच्यावर रागावू नका, त्याला तसाच बनवलाय.

आवाज तर फुकटच असतो. नाट्यगृहाच्या मिक्सरमधून एक वायर ओढली की झालं. त्या मिक्सरमध्ये काय असतं? रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायांशी ठेवलेले चार-पाच माइक. ते प्रेक्षागृहासाठी असतात; हॉलमध्ये नटाचा स्वतःचा आवाजही पोचत असतो, म्हणून माइक मोजकेच उघडलेले. वायरीत फक्त तेवढंच येतं: लाकडी रंगमंचावरची चप्पल, जवळून; नट, लांबून; आणि पार्श्वसंगीत थेट मशीनमधून, म्हणून सगळ्यांत मोठ्याने. मिक्सरची लाइन लेव्हल, म्हणजे जोरदार सिग्नल, कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खुपसलीत तर तेही फाटेल. हे सगळं टाळायचं असेल तर मुख्य पात्रांना कॉलर माइक, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, आवाजाचं शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास, म्हणजे अचानक ओरडण्याला जागा राहते, आणि हशा-टाळ्यांसाठी प्रेक्षकांकडे तोंड करून वेगळे दोन माइक. हे दोन माइक शेवटच्या रांगेत लावले तर नंतर सरकवून जुळवावे लागतात, कारण वीस मीटरवर आवाज दीड फ्रेम उशिरा पोचतो. पण कॉलर माइक म्हणजे साउंडवाला आला, त्याचं मानधन आलं, नटांच्या केसांत वायर लपवायला मेकअपवाल्याची दहा मिनिटं आली. नको. मागाहून ‘आवाज जरा क्लिअर करून द्या’ म्हटलं की एडिटर करून देतो. त्याच्याकडे बटण असतं.

कॅमेरावाल्यांच्या चहाचं नाव यादीत घालू नका. ते पाहुणे असतात ना, कलाकारही नाहीत आणि रंगमंच कामगारही नाहीत.

सगळं झाल्यावर एडिटला दोन दिवस द्या. मग मुंबईच्या एनसीपीएत जाऊन लंडनच्या नॅशनल थिएटर लाइव्हचं एखादं चित्रित केलेलं नाटक मोठ्या पडद्यावर बघा आणि मध्यंतरात आम्हाला फोन करा, ‘असं पाहिजे होतं मला. असं का नाही आलं?’

का नाही आलं सांगू? 2009 पासून ते लोक हे करतायत, आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या तालमी करतात. तालमी! प्रेक्षागृहात कॅमेऱ्यांना जागा ठेवूनच तिकिटं विकतात. त्यांचे कॅमेरे तुम्हाला परवडणार नाहीत, ते कोणी मागतही नाही. पण खुर्च्या अडवायला लंडन लागत नाही हो. बुकिंगवाल्याला एक फोन लागतो. तो फोन तुम्ही करत नाही, कारण तुमच्या मते आम्ही नाटक ‘टिपून घेणारे’. लग्नात नवरा-नवरी तरी आमच्यासाठी दोन मिनिटं थांबतात.

दोन-तीन वर्षं जे नाटक चालवलंत, ज्याच्यासाठी टेम्पोत झोपून गावोगाव फिरलात, ते बंद होणार म्हणून शूट करताय ना? मग उरणार ते एवढंच. तुमच्या नटाने दुसऱ्या अंकात जे केलं ते आमच्याकडे नाही, कारण तेव्हा त्या कॅमेऱ्याच्या प्लगमध्ये कोणाचा तरी फोन चार्ज होत होता आणि त्याला हटकायला तुमचा एक माणूस तिथे उभा नव्हता. पुन्हा करायला सांगणार आहात त्याला? कशावर? प्रयोग संपला, सेट फोडून गोडाऊनला गेला.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा पंधरा दिवस आधी करा. एका प्रयोगाचे दोन पास द्या, एक कॅमेऱ्याला, एक स्विचरला, आणि संहितेची झेरॉक्स. प्रकाशयोजनाकाराचा नंबर द्या. प्लॅन उघडायच्या आत बारा खुर्च्या लाल करून अडवा. नाट्यगृहाच्या वीजवाल्याकडून डिमरपासून वेगळी लाइन मागून घ्या आणि बोर्डापाशी एक पोरगा बसवा, त्याला वडापाव आम्ही देऊ. यातलं काही जमणार नसेल तर आम्हाला बोलावू नका, भाचा आहेच. आणि मागच्या शूटिंगचं अर्धं पेमेंट बाकी आहे, ते आधी टाका.