पहिली बेटी धनाची पेटी; आणि तिसरी?

गोव्यात हजार मुलग्यांमागे ८३८ मुली जन्मल्या, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१चा आकडा. गावाकडच्या मंडळींशी बोलताना तो निघाला की दोन उत्तरं ठरलेली. एक, आकडाच चुकलाय. दोन, हे भायल्यांचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं, काम, गोंयकाराच्या घरात असं होत नाही. मी मूळची डिचोलीची, आता संसार कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात. दुसरं उत्तर ऐकलं की मला गप्प बसवत नाही. कारण इथे भायले आम्ही आहोत.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे. सर्वेक्षणाने गोव्यात सुमारे दोन हजार स्त्रियांना प्रश्न विचारले. आपल्याकडे एका बाईमागे सरासरी १.३ मुलं, म्हणजे सर्वेक्षणाने मोजलेली, गेल्या पाच वर्षांत जन्मलेली बाळं काही शेच भरणार. एवढ्याशा संख्येवर काढलेलं प्रमाण सहज वरखाली होतं. आधीच्या सर्वेक्षणात तेच ९६६ होतं. पण जनगणना तर घरोघरी जाऊन होते. शून्य ते सहा वयोगटात १९९१ साली हजारी ९६४ मुली होत्या, २००१मध्ये ९३८ झाल्या, २०११मध्ये ९४२. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारी ९५०च्या आसपास मुली. गोवा हरयाणा झालेला नाही, पण निर्धास्त राहावं असंही काही नाही. ‘आमच्याकडे बायकाच जास्त’ ही जुनी फुशारकीही पोकळ आहे. १९५१मध्ये गोव्यात हजार पुरुषांमागे ११२८ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईत, बोटीवर नाहीतर आफ्रिकेत होते.

आता आमच्या ओंटारिओ प्रांताचं ऐका. २०१६ साली इथल्या संशोधकांनी जन्मनोंदी तपासल्या. भारतात जन्मलेल्या आयांची पहिली बाळं पाहिली तर सगळं नेहमीसारखं. पण ज्यांना आधी दोन मुली आहेत, त्यांच्या तिसऱ्या बाळंतपणात शंभर मुलींमागे १९६ मुलगे. जवळजवळ दुप्पट! कॅनडाभरच्या नोंदींवरून दोन दशकांत भारतीय स्थलांतरितांच्या घरांत चार हजारांहून जास्त मुली कमी जन्मल्या, असा अंदाज निघाला.

‘पहिली बेटी धनाची पेटी’ असं आपण कौतुकाने म्हणतो. दुसरीसाठी म्हण नाही, तिसरीसाठी तर नाहीच. आकडे नेमके तेच सांगतात. आपण मुलीचा दुस्वास करत नाही; पहिलीचे लाड करतो, तिला शिकवतो, डॉक्टर करतो. फक्त सगळ्याच मुली नकोत. मला दोन मुली आहेत. धाकटीच्या बारशाला जमलेल्या, चांगल्या शिकलेल्या, माझ्यावर माया करणाऱ्या बायकांनी ओटी भरता भरता ‘आता तिसरा चान्स घे गं’ म्हटलं होतं. कोणीही वाईट हेतूने बोललं नव्हतं.

इथल्या मराठी मंडळींचं उत्तरही गोव्यासारखंच: ते पंजाब्यांचं, आपलं नाही. इथल्या एका अभ्यासात पंजाबी भाषक घरांत तफावत मोठी दिसली, हे खरं. पण मराठी माणसाने कोणत्या तोंडाने बोलावं? २००१च्या जनगणनेत कोल्हापुरात हजारी ८३९ मुली होत्या, २०११मध्ये बीडमध्ये ८०७. देशात गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राला करावा लागला. केंद्राचा १९९४मध्ये आला. आणि घाटापलीकडे, महाराष्ट्रात, आपली गोंयकारांची रोटी-बेटी चालतेच.

अमक्या समाजाचं, तमक्या राज्याचं असं म्हणत गेलो की स्वतःच्या सोप्यावर काय बोललं जातं ते ऐकू येत नाही. मुलगा झाल्यावर सुनेचा शब्द घरात कसा वजनदार होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पैसा आणि कायदा बदलला की हे आपोआप जाईल, असं मला पूर्वी वाटायचं. गोव्यात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत पोर्तुगीज काळापासून समान वाटा आहे. तरीही ‘भावाशी वाकडं नको’ म्हणून हक्क सोडल्याच्या कागदावर सही करणाऱ्या बहिणी घरोघरी आहेत, माझी आत्या त्यांतलीच. आणि गोव्यातल्या ज्या समान नागरी संहितेचा आपण देशभर अभिमान मिरवतो, तिच्यासोबतच्या १८८०च्या हिंदू रूढींच्या हुकमात बायको तिशीपर्यंत मुलगा देऊ शकली नाही तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती. आज ते कोणी वापरत नाही. पण त्या वाक्यामागचं मन मेलेलं नाही. गोवा सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख रुपये अनेक घरांना उपयोगी पडले. मात्र २०१२मध्ये योजना आणताना लग्नाच्या वेळी मुलगी ओझं वाटू नये असा हेतू सांगितला गेला, म्हणजे ओझं हा शब्द सरकारनेही धरूनच ठेवला. इथे कॅनडात म्हातारपणी पेन्शन आहे, औषधपाणी सरकार पाहतं, आईवडिलांची विचारपूस बहुधा मुलीच करतात. तरी १९६.

इथे बाळाचं लिंग सांगायला बंदी नाही. दहाव्या आठवड्यात आईच्या रक्ताच्या तपासणीतही ते कळतं. २०१२ साली राजेंद्र काळे या संपादकांनी कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात सुचवलं की तीस आठवड्यांपर्यंत लिंग सांगूच नये. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. लिंग पाहून होणाऱ्या गर्भपाताला गुन्हा ठरवणारं विधेयक मात्र २०२१मध्ये संसदेत पडलं, तेही बरंच झालं. नाहीतर प्रत्येक सावळ्या बाईला डॉक्टरसमोर आपली नियत सिद्ध करावी लागली असती. गोव्यातही सोनोग्राफी केंद्रांची तपासणी कडक हवी, पण त्या धाकाने कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या बाईला परत पाठवू नये.

गोव्याकडे एक मोठी सोय आहे. जवळपास प्रत्येक बाळ दवाखान्यात जन्मतं आणि प्रत्येकाची नोंद होते. सर्वेक्षणाच्या नमुन्यावरून भांडायची गरजच नाही. ओंटारिओच्या संशोधकांनी केलं तसं बाळंतपणाच्या क्रमावार, शिवाय तालुकावार प्रमाण जाहीर करा. मूळचे कोण, बाहेरचे कोण, तेही दिसू दे. जन्मनोंदणीच्या अर्जात या आईला आजवर किती मुलं झाली हे विचारतात, आधीची मुलं की मुली हे विचारत नाहीत. तेवढा एक रकाना वाढवायला विधानसभेत कोणीतरी उभं राहावं.