इन्व्हाइट चुकीचं, इम्पॅक्ट चुकीचं... मामा, थांबा जरा

फॅमिली ग्रुपवर मामांनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय, इंग्लिशमधल्या चुकांचा, खाली हात जोडलेले आणि "मुलांना नक्की दाखवा". त्याचं म्हणणं असं की इंग्लिश शब्द एकतर नाम असतो नाहीतर क्रियापद, आणि आपण भारतीय दोन्हीकडे एकच शब्द दामटतो म्हणून हसं होतं. मामांना ग्रुपवर सगळ्यांसमोर उलटं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मुळात एकच शब्द दोन्हीकडे चालण्यात विचित्र काय आहे? "खेळ संपला" आणि "जा, बाहेर खेळ". "मार खाल्ला" आणि "मार त्याला". मराठीत चालतं की. इंग्लिशमध्ये तर वॉक, टॉक, वर्क, हेल्प, कॉल, प्ले, किती सांगू.

आता एकेक मुद्दा. फॉरवर्ड म्हणतो इन्व्हाइट हे फक्त क्रियापद, नाम म्हणून इन्व्हिटेशनच म्हणायचं. तर नाम म्हणून इन्व्हाइट 17व्या शतकापासून आहे, डिक्शनरीत सापडतं, फक्त पुढे इन्फॉर्मल लिहिलेलं असतं. म्हणजे "मीटिंगचं इन्व्हाइट पाठव" बिनधास्त म्हणा, लग्नाच्या इंग्लिश पत्रिकेत मात्र इन्व्हिटेशनच शोभतं. पैठणी नेसून कोणी ट्रेकला जात नाही, तसंच आहे ते. गिफ्टचंही तेच रडगाणं, "गिफ्ट दिलं म्हणा, गिफ्ट केलं नको", पण क्रियापद म्हणून गिफ्ट 16व्या शतकापासून चालत आलंय.

इम्पॅक्टवर तर फॉरवर्ड फारच तापलाय. क्रियापद म्हणून वापरणं म्हणे कॉर्पोरेटवाल्यांचं खूळ. इथे उलटंच आहे, इम्पॅक्ट आधी क्रियापद होतं, 1600च्या आसपासचं, आणि नाम आलं नंतर, 18व्या शतकात. जुना अर्थ होता घट्ट दाबून बसवणं. अक्कलदाढ हिरडीत अडकली की डेंटिस्ट "इम्पॅक्टेड आहे" म्हणतो ना, तो हाच जुना अर्थ, माझी काढली तेव्हा एक्स-रे दाखवून डॉक्टर हेच म्हणाले होते. आता "परिणाम करणं" हा अर्थ 20व्या शतकातला आणि तो अजूनही काही इंग्लिशवाल्यांना खटकतो, हे खरंय. अर्जात अफेक्ट लिहा हवं तर. पण चूक नाही ती.

प्रॅक्टिसचं अर्धं बरोबर आहे. नामाला सी, क्रियापदाला एस, हा ब्रिटिश नियम आणि आपल्याकडे शाळेत तोच. पण फॉरवर्डमध्ये "जगभर हाच नियम" लिहिलंय ते खोटं, अमेरिकेत दोन्हीकडे सीच, म्हणून कॉम्प्युटरची भाषा यूएस ठेवली की आपल्या बरोबर स्पेलिंगखाली लाल रेघ येते. कुठे सी कुठे एस विसरायला होत असेल तर त्या जागी ॲडव्हाइस ठेवून बघा, तिथे उच्चारच बदलतो, नामाच्या शेवटी स आणि क्रियापदाच्या शेवटी झ, त्यामुळे कान सांगतो.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने माझ्या आठवीतल्या भाच्याचा घोळ केला. "नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, नेहमी." रेकॉर्ड, प्रेझेंट, परमिट, ऑब्जेक्ट, इथे जमतं. पण रिपोर्ट, रिप्लाय, सपोर्ट, डिले यांचा जोर दोन्हीकडे दुसऱ्यावरच, आणि आन्सर, व्हिजिट, कॉमेंट यांचा दोन्हीकडे पहिल्यावर. पठ्ठ्या दोन दिवस रिपोर्ट कार्डातल्या "री"वर असा जोर देत होता की आजीने विचारलं घसा धरलाय का.

गंमत म्हणजे आपण खरंच जिथे चुकतो ते फॉरवर्डमध्ये नाहीच. रिक्वेस्ट घ्या. नाम असेल तर पुढे फॉर येतो, "अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह". क्रियापद असेल तर फॉर नको, "आय रिक्वेस्ट लीव्ह" किंवा "आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह". मी स्वतः कित्येक वर्षं "आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह" लिहून रजा घेतल्यात, मिळाल्याही, कारण साहेबही तसंच लिहायचे! डोक्यात "रजेसाठी विनंती" असते, तो "साठी" फॉर होऊन बाहेर पडतो. डिमांड आणि ऑर्डरचंही हेच, "अ डिमांड फॉर वॉटर" पण "दे डिमांडेड वॉटर". आणि "डिस्कस अबाउट" हा त्याच घरातला, डिस्कशनला अबाउट चालतो, डिस्कसला नाही, आपण "त्याबद्दल चर्चा करू" म्हणतो म्हणून तो चिकटतो.

मामांना रविवारी जेवायला बोलावलंय, तेव्हा सांगेन. इन्व्हाइट पाठवलंय.