टाकलेत की ग्रुपवर!

निल्याने ओरिजिनल डिलीट केलाय.

काल संध्याकाळपासून हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा म्हटलंय याची मोजदाद नाही. दर वेळी तितकीच आग होते. डिलीट का केला, तर म्हणे फोन भरला होता. फोन कशाने भरला होता? तीन वर्षांपूर्वीच्या मॅचच्या क्लिपा, एकाच मिसळीचे नऊ बाजूंनी काढलेले फोटो, गाडीच्या मीटरचे फोटो. ते सगळं जागच्या जागी आहे. गेला तो फक्त आजीचा फोटो. आणि वर मलाच म्हणतो, ‘‘अगं ताई, टाकलेत की ग्रुपवर सगळे!’’

टाकलेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कचरा टाकतात तसे टाकलेत.

गेल्या रविवारी डोंबिवलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हजार पौर्णिमा पाहिलेली बाई. जांभळी पैठणी, नथ, समोर ताटात निरांजनं, त्यांचा उजेड खालून चेहऱ्यावर. ओवाळताना धाकटी काकू काहीतरी बरळली आणि आजी हसली. तोंडाला पदर न लावता, उरलेल्या चार दातांसकट हसली. आमच्या घरात आजीचा हसरा फोटो नाहीच. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती पोलिसांचा पंचनामा चालू असल्यासारखी उभी आहे. एक्याऐंशी वर्षांत एकदा ही बाई कॅमेऱ्यासमोर हसली, आणि नेमका त्याच क्षणी निल्याने बटण दाबलं. त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ होते. हा एकशे एकावा.

फ्रेम करायची ठरली. अठरा बाय चोवीस, हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर. ‘‘दादर तुला जवळ आहे, तूच बघ गं,’’ असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. आमच्याकडे एकमत फक्त कामं दुसऱ्यावर ढकलताना होतं.

तर काल ऑफिस सुटल्यावर रानडे रोडच्या गर्दीतून, दोन वेळा चप्पल तुडवून घेऊन, एका गल्लीतल्या फोटो-फ्रेमवाल्याकडे पोचले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तो, त्याचा कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन यात चौथ्याला जागा नाही. मी बाहेर फूटपाथवर उभी. फोटो त्याच्या स्क्रीनवर गेला आणि मी कौतुकाने म्हटलं, ‘‘मस्त आलाय ना?’’

तो काही बोलला नाही. त्याने माउसचं चाक फिरवलं. एकदा, दोनदा. आजीचा चेहरा मोठा झाला. आणखी एकदा. आता नाक आणि नथ. नथीचे मोती कुठले आणि नाक कुठलं, वेगळं काढता येईना. गालावर चौकोन. डोळ्यांच्या जागी राखाडी डाग. पैठणीच्या काठावरचे मोर म्हणजे पावसाळ्यातली मोरी झाली होती. परवाच्या दिवाळीत आजीचा मोतीबिंदू काढला, तो आता फोटोला झालाय.

‘‘फाटतोय,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘फोटो फाटतोय, मॅडम. चॅटवरचा आहे ना? ओरिजिनल आणा. असाच पाहिजे तर काढून देतो, पण नंतर बोलायचं नाही.’’

हे ‘नंतर बोलायचं नाही’ तो इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाला, की दिवसातून वीसदा म्हणत असणार. मागे दोघं उभे होते. त्यातल्या एकाने माझ्या खांद्यावरून डोकावून ‘‘हां, फाटतोय खरा,’’ असा दुजोराही दिला. विचारलं होतं का?

मग मी फाइलची माहिती काढून बघितली. १२०० बाय १६०० ठिपके. एकशे नव्वद केबी. निल्याचा फोन बारा मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो निघाला तो ३००० बाय ४००० चा. ग्रुपवर टाकताना व्हॉट्सॲपने तो दाबून लहान केला. एकोणीस लाख ठिपके आले, एक कोटी ठिपके खाडीत. चोवीस इंचाला सोळाशे ठिपके पसरले की इंचाला सत्तरसुद्धा येत नाहीत. छपाईवाले तीनशे मागतात. ओरिजिनल असता तर दीडशेच्या वर मिळाले असते, आणि भिंतीवर लांबून बघायच्या फ्रेमला तेवढे पुष्कळ झाले असते. हा हिशोब मी फूटपाथवर उभ्याउभ्या केला. इतकं गणित मला दहावीत आलं असतं तर आज कुठल्या कुठे असते.

आणि ते जेपेग! फोटो दाबून लहान करायची पद्धत, १९९२ सालचं प्रकरण. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला कळणार नाही ते फेकून द्यायचं. त्यातही रंगांचे बारकावे आधी फेकायचे, कारण म्हणे माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधार नीट कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी पैठणी घ्यायला गेलेली मराठी बाई पाहिलेली नाही.

बरं, एकदा दाबला तर दाबला. पण मोठा मामा! ग्रुपवर आलेला फोटो त्याने सेव्ह केला, त्यावर ‘शतायुषी भव’ टाकलं, परत ग्रुपवर. तो मावशीने स्टेटसला ठेवला. तिच्या स्टेटसचा सुनेने स्क्रीनशॉट काढला, वर वेळ, बॅटरी नऊ टक्के आणि मावशीचं नाव यांच्यासकट, आणि पाठवला पुन्हा ग्रुपवर, ‘सुंदर टिपलाय’ म्हणून. दर फेरीला पुन्हा दाबणं. चहाची तीच पावडर चौथ्यांदा उकळा आणि म्हणा सुंदर झालाय.

मात्र रोज सकाळी साडेसहाला मामाकडून येणारा गुलाब बघा. पाकळीवरचा दवबिंदू मोजून घ्या. तो गुलाब किती ग्रुपांमधून फिरून आला असेल, देव जाणे, पण त्याला कधी मोतीबिंदू होत नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकलेली पाणीकपातीची नोटीस? ती नोटिशीच्या फोटोचा फोटो असते. तारीख वाचता येत नाही. पाणी गेलं की कळतं, आज होतं ते.

माझं काय पाप आहे ते सांगते. मी कॉलेजात ॲडमिशनच्या टेबलावर बसते. जून-जुलैत माझ्याकडे मार्कशीटचे फोटो येतात. मार्कशीट चादरीवर ठेवलेली, चादरीला गुलाबी फुलं, मधोमध पंख्याची सावली, एका कोपऱ्यात आईचा अंगठा. आणि मार्क दिसत नाहीत. अठ्ठ्याहत्तर की त्र्याहत्तर, यावर पोराचं भवितव्य. ‘क्लिअर पाठवा’ म्हटलं की तोच फोटो परत येतो. तोच! जणू मागच्या वेळी मी चष्मा लावला नव्हता.

‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे मी किती वर्षं घसा फोडून सांगतेय. फोटोच्या खुणेवर नाही, पिनेवर जा, डॉक्युमेंट निवडा, मग फोटो निवडा, जशीच्या तशी फाइल येते. यावर आलेली उत्तरं: ‘‘डॉक्युमेंट म्हणजे आधार कार्ड का?’’ ‘‘एचडी केलंय की मी.’’ (एचडीतही दाबतोच, थोडा कमी दाबतो, इतकंच.) ‘‘तुम्ही पाठवलं ते उघडत नाही.’’ आणि सगळ्यांत लाडकं, ‘‘माझ्याकडे तर क्लिअर दिसतोय.’’ दिसणारच, तुमच्याकडे ओरिजिनल आहे! मागच्या गणपतीत ड्राइव्हची लिंक देऊन पाहिली. अकरा जणांनी परवानगी मागितली, मी अकराही जणांना दिली, आणि नंतर काकांनी ग्रुपवर विचारलं, ‘‘फोटो कधी टाकणार?’’

एवढंच नाही, ग्रुपवर टाकताना फोटोंच्या तारखाही खाल्ल्या जातात. आजोबांचा १९७४ चा रंग उडालेला फोटो माझ्या गॅलरीत गेल्या मंगळवारचा आहे.

तर हे सगळं मी काल रात्री निल्याला फोनवर ऐकवलं. वीस मिनिटं. जेपेगसकट. तो बिचारा हूं हूं करत होता. शेवटी म्हणाला, ‘‘ताई, तू रविवारचं जरा वर जाऊन बघतेस का?’’

गेले वर. शुभेच्छा, गुलाब, नमस्काराचे हात, केकचे फोटो ओलांडत ओलांडत रविवारी रात्री आठ बावन्नला पोचले. तेव्हा मी परतीच्या फास्ट लोकलमध्ये होते, बायकांच्या डब्यात, ठाणं यायच्या आत आजीचा फोटो हवा म्हणून जीव चाललेला.

निल्या: ताई डॉक्युमेंटने पाठवू का, तू नेहमी सांगतेस तसं?

आणि त्याखाली मी. मीच.

‘नको रे बाबा, नेट संपत आलंय. साधाच टाक ग्रुपवर, पटकन.’

खाली एक पळणारी बाई. स्टिकर.

फोन उलटा करून ठेवला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी घरात सगळ्यांत स्वच्छ काही असेल तर ती कढई.

आज लंच टाइममध्ये परत दादरला गेले. फ्रेमवाल्याने ओळखलं, काही विचारलं नाही, तेवढी माणुसकी त्याच्याकडे आहे. १२०० बाय १६०० मध्ये चार बाय सव्वापाच इंच नीट येतो म्हणाला. पोस्टकार्डाएवढी आजी. भोवती मोठा पांढरा पुठ्ठा लावला की फ्रेम भरल्यासारखी दिसते. तीनशे वीस रुपये. संध्याकाळी मामा येऊन घेऊन गेला.

आता हे लिहिता लिहिता फोन वाजला. मामाने भिंतीवर लावलेल्या फ्रेमचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. वाकडा. काचेत आजीच्या कपाळावरून आरपार गेलेली ट्यूबलाइट, आणि खाली मामाचं स्वतःचं प्रतिबिंब, हातात मोबाइल धरलेलं. ‘क्वालिटी एक नंबर,’ असं लिहिलंय. चौदा अंगठे आलेत. पंधरावा माझा.