बोटीच्या डिझेलमध्ये पेट्रोल ओतायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"जुन्या बोटीचं इंजिन पाण्यात मध्येच बंद पडतं? मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे पाच उपाय करा." नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, काठावरच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण आमचे तात्या पैठणहून पेट्रोलचा कॅन भरून आणून मला विचारायला लागले, "पाच लिटरला एक लिटर टाकायचं ना रे?" डिझेल इंजिनची कामं हाच माझा धंदा आहे. घरातलाच माणूस फसत असेल तर गप्प कसं बसायचं?

मेसेजमधले उपाय असे: डिझेलमध्ये पेट्रोल मिसळा, फिल्टर काढून नळी थेट जोडा, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) काढून चालू इंजिनवर फवारा तळहातावर घेऊन बघा, टाकीत गरजेपुरतंच डिझेल ठेवा, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) गेला तर टाकी उंच टांगा.

पेट्रोलचं आधी बोलू, कारण त्यात माणूस जळून मरेल. आयएस १४६० या भारतीय मानकाप्रमाणे आपल्या पंपावरच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्याच्या खाली ठिणगीने पेटेल एवढी वाफ डिझेलवर तयार होत नाही. पेट्रोलचा हाच आकडा शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साधं डिझेलसुद्धा जपूनच हाताळावं लागतं. त्यात पेट्रोल ओतलं की वाफ पेट्रोलचीच निघणार, प्रमाण थोडं असलं तरी. ही वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर गाडीखालून ती वाऱ्याने उडून जाते, बोटीत मात्र फळ्यांखाली, तळाच्या पाण्यावर साचून राहते. वर उभ्या माणसाला वास येईलच असं नाही. मग स्टार्टरची ठिणगी, बॅटरीची सैल वायर किंवा कुणाची बिडी, काहीही पुरतं. आणि धरणाच्या मध्यावर पळणार कुठे?

शिवाय नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या डिझेल पंपातल्या प्लंजरना, म्हणजे छोट्या दट्ट्यांना, वेगळं ऑइल नसतं. ते डिझेलच्याच वंगणावर चालतात. पेट्रोलला तसं वंगण नाही, म्हणून पंप घासून जातो. थंड देशांत डिझेलमध्ये मेण धरू नये म्हणून जुन्या गाड्यांत हिवाळ्यात थोडं रॉकेल मिसळायचे, हे खरं आहे. पण मराठवाड्यात कुठलं मेण धरतंय? आणि नळीत कचरा अडकला असेल तर त्यातून पेट्रोल तरी कसं पुढे जाणार? मेसेज लिहिणाऱ्याला एवढं कळत नाही की डिझेल पोचत नसेल तर ते कुठे अडतंय हे शोधायचं असतं.

शोधायचं असं. स्वच्छ, गाळलेल्या डिझेलचा छोटा कॅन घ्या आणि फीड पंपाची ओढणारी नळी टाकीवरून काढून त्यात सोडा. इंजिन नीट चाललं तर दोष टाकीकडे: तळाचा गाळ, अर्धवट बंद कॉक किंवा झाकणाचं बुजलेलं छिद्र. छिद्र बुजलं असेल तर इंजिन अर्धा तास छान चालतं आणि मरतं. झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा चालू होतं. कॅनवरही तीच रड असेल तर दोष पुढे: फुटकी नळी, फीड पंप, फिल्टर किंवा आत शिरलेली हवा. ओढणाऱ्या बाजूच्या जॉइंटमधून डिझेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून जागा बाहेरून कोरडी दिसते आणि भलेभले फसतात. तांब्याचे वायसर बदला. मग हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत आधी फिल्टरचा आणि नंतर डिझेल पंपाचा हवा काढायचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा.

फिल्टरच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. चोंदलेला फिल्टर हेच बहुतेक वेळा कारण असतं आणि तो काढला की इंजिन चालतंही. पण मग तोच कचरा सरळ डिझेल पंपात जातो, जिथल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) असते. नवा फिल्टर पंपाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

तळहातावर फवारा घ्यायला सांगणाऱ्याला तर शिक्षा व्हायला हवी. जुन्या इंजिनचं नोझल साधारण १५० ते २५० बार दाबाला उघडतं. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते. त्या दाबाची धार कातडी फोडून आत घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. कुणाला असं झालं असेल तर जखम छोटी म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

टाकी रिकामी ठेवणंही चूकच. रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प रात्री गार पत्र्यावर पाणी होऊन तळाला बसतं आणि त्या पाण्यावर जंतूंचा चिकट गाळ धरतो. बोट बांधताना टाकी भरा, सकाळी तळाच्या ड्रेनमधून पाणी काढा.

टाकी उंच टांगायचा उपाय तपासणीपुरता ठीक. पण फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर टाकी कुठेही टांगा, ते इंजिन ऑइल बदलून पंप दुरुस्त होईपर्यंत चालवायचं नाही.