यादीत कोण, कॅमेरा कुठे?

चेहरा ओळखणाऱ्या पोलिसी कॅमेऱ्यांवर महाराष्ट्रात वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "लंडनमध्ये पावलोपावली कॅमेरे आहेत, तिथे कोणी ओरडत नाही." कॅमेऱ्यांचे खरे आहे. ओरड मात्र इकडे ब्रिटनमध्ये भरपूर झाली, ती न्यायालयापर्यंत गेली, आणि पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी आज रस्त्यावर उभी राहते ती त्यानंतर आखलेल्या चौकटीत.

तो खटला वेल्समधला. कार्डिफचे एड ब्रिजेस यांचा दावा होता की डिसेंबर 2017 मध्ये बाजाररस्त्यावर आणि मार्च 2018 मध्ये संरक्षण प्रदर्शनाबाहेरच्या निदर्शनात पोलिसांनी त्यांचा चेहरा टिपला. यंत्रणा तशी सभ्य होती. चेहऱ्याचा गणिती साचा करायचा, पोलीस शोधत असलेल्या चारशे ते आठशे जणांच्या यादीशी ताडायचा, जुळला नाही तर लगेच पुसायचा. तरीही 11 ऑगस्ट 2020 रोजी अपील न्यायालयाने हा वापर बेकायदा ठरवला. यादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरा कुठे लावायचा, हे दोन्ही बरेचसे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते, हे मुख्य कारण. गोपनीयतेवर होणाऱ्या परिणामांचे मूल्यमापन अपुरे होते. शिवाय सॉफ्टवेअर वंश किंवा लिंग पाहून जास्त चुकते का, याची पोलिसांनी स्वतः खातरजमा केली नव्हती. कंपनीचे व्यापारी गुपित ही सबब चालली नाही. तंत्रज्ञानावर बंदी मात्र आली नाही, आणि ते अवाजवी आहे हा युक्तिवादही फेटाळला गेला.

आज लंडनचे पोलीस कॅमेऱ्याची गाडी कुठे उभी राहणार ते आधी जाहीर करतात आणि जागेवर फलक लावतात. यादी त्या त्या कारवाईपुरती बनते आणि 24 तासांत पुसली जाते. यंत्राने इशारा दिला तरी थांबवायचे की नाही, हे माणूस ठरवतो.

यादीच्या आकाराला एवढे महत्त्व का, ते आकड्यांतून कळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने 2023 मध्ये लंडनच्या यंत्रणेची चाचणी घेतली. जुळणीचा उंबरठा (किती साम्य दिसले की यंत्राने इशारा द्यायचा ती पातळी) 0.6 आणि यादीत 10,000 चेहरे असताना दर सहा हजार माणसांमागे एक खोटा इशारा आला. यादी 1,000 वर आणली की तोच दर साठ हजारांत एक. उंबरठा 0.6 च्या खाली नेला तर चुका कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जास्त येऊ लागल्या. आता समजा, दादरच्या पुलावरून दिवसाला तीन लाख चेहरे जातात आणि यादी 10,000 जणांची आहे: पन्नास निरपराध माणसे बाजूला घेतली जातील. यादी एक लाखाची केली तर याच हिशेबाने पाचशे. खोटे इशारे यादीच्या लांबीबरोबर वाढतात, आणि आपल्याकडे यादी लांबवण्याचा मोह मोठा.

दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितले की 80 टक्क्यांच्या वरची जुळणी ते होकारार्थी धरतात. हे 80 म्हणजे 'तोच माणूस असण्याची शक्यता 80 टक्के' नव्हे. तो सॉफ्टवेअरचा साम्यगुण आहे. फोटो किती स्पष्ट, प्रकाश कुठून, संग्रह किती मोठा, यावर त्याची किंमत बदलते. मूळ यंत्रणा आली हरवलेली मुले शोधण्यासाठी. 2020 च्या दंगलीनंतर तिचा मोर्चा संशयितांकडे वळला. मतदार ओळखपत्रे आणि वाहन परवान्यांचे फोटोही चेहरा ओळखण्यासाठी वापरल्याचे गृहमंत्र्यांनी लोकसभेतच सांगितले. परवाना काढताना या वापराला कोणी संमती दिली होती?

महाराष्ट्रात बोटांचे ठसे, चेहरा आणि बुबुळे एकत्र ताडणारी 'ॲम्बिस' प्रणाली आहे, आणि पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी 'मार्वल' ही सरकारी कंपनी 2024 पासून आहे. यंत्रे येणारच. मला काळजी आहे ती नागरिकाला कळण्याची. ब्रिजेस लढू शकले, कारण वापर उघड होता आणि पोलिसांनीच तो जाहीर केला होता. नागपूरच्या चौकातला कॅमेरा नुसते चित्रण करतो की चेहरे ताडतो, हे खालून जाणाऱ्याला कसे समजावे? भारताचा 2023 चा डेटा संरक्षण कायदा इथे हात वर करतो. गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी कलम 17 मध्ये सूट आहे: संमती नको, सूचना नको, आपली काय माहिती साठवली आहे ते विचारण्याचा हक्कही नाही. उरते ते माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधन. त्याहून पुढे, सरकार एखादी यंत्रणा अधिसूचनेने कायद्याबाहेरच काढू शकते.

न्यायालयांकडे कसोटी नाही असे नाही. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने 2017 मध्येच कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता मागितली. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये विनीत कुमार प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. ते शक्य झाले, कारण टॅपिंगला नियम होते: गृहसचिवांचा लेखी आदेश, 60 दिवसांची मुदत, जास्तीत जास्त 180 दिवस, वर आढावा समिती. पायरी चुकली की बोट ठेवता येते. चेहऱ्याच्या बाबतीत पायऱ्याच नाहीत.

पोलीस हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे दिल्लीकडे डोळे लावायची गरज नाही. विधिमंडळाने यादीत येण्याचे निकष, यादीची कमाल लांबी, प्रत्येक कारवाईचा लेखी आदेश, पुसण्याची मुदत आणि खोट्या इशाऱ्यांचे जाहीर आकडे एवढे कायद्यात घातले तरी राज्य ब्रिटनच्या पुढे जाईल. कारण इकडे ब्रिटनमध्येही स्वतंत्र कायदा नाही. 2018 चा डेटा कायदा, मानवी हक्क कायदा आणि पोलिसांचीच धोरणे यांची गोधडी आहे. शिक्षा न झालेल्यांचे फोटो सरसकट ठेवणे बेकायदा, असे इथल्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगूनही अटकेतले लाखो फोटो पोलिसांच्या संग्रहात पडून राहिले. भारताच्या 2022 च्या ओळख कायद्यात मापे (बोटांचे ठसे, फोटो, बुबुळे वगैरे) 75 वर्षे ठेवण्याची तरतूद आहे. आधी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची आहेत, पण सर्व अपिले संपल्यावर, आणि न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तर. ती खरोखर नष्ट झाली की नाही, हे त्या माणसाला कोण कळवणार, तेही कायद्यातच लिहिलेले बरे.